चाळणी सगळ्यात शेवटी

बेंजोला इफेक्टचे डबे कोणत्या क्रमानं जोडायचे, या विषयावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे. बाकी पुष्कळ बाबतींत मी माघार घेते. आमटीत मीठ कमी आहे म्हणालात तर असेल बाई, म्हणते. पण करवत आधी की डोंगर आधी, असा प्रश्न निघाला की मी पदर खोचून उभी राहते, आणि अजून तरी मला कुणी हरवलेलं नाही.

बेंजो म्हणजे आमच्याकडचा बेंजो. लांबट फळीवर तारा ताणलेल्या, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं तार छेडायची. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात त्याच्याशिवाय हळद लागत नाही आणि वरात जागची हलत नाही. माझे बाबा तो पट्ट्यानं गळ्यात अडकवून वाजवत. पावसाळ्यात भातशेती आणि लग्नसराईत बेंजो, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. किन्हवलीपासून सरळगावपर्यंत कुणीही आमच्या घराचा पत्ता सांगताना ‘बेंजोवाल्याचं घर’ असंच सांगे. त्यांचं खरं नाव तलाठ्याला आणि आईला ठाऊक असेल, बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही.

दहावीनंतर मी शहापूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात मुली दोघीच. दुसरीचं लग्न ठरलं आणि ती गेली, मग मी एकटीच उरले. कावीळ झालेला रेडिओ आणि सर्दी झालेला रेडिओ यांतला फरक मला मागच्या बाकावरून नुसत्या कानानं कळायचा. शिकवणारे सर मीटर लावून बघेपर्यंत मी उत्तर सांगून मोकळी. वर्गातली मुलं मला शहाणी म्हणत, आणि ते कौतुक नव्हतं. मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

पहिला डबा घरात आला तो कल्याणच्या एका गिटारवाल्याकडून. तो ऑर्केस्ट्रा सोडून नोकरीला लागला होता. एका लग्नात बाबांचं वाजवणं ऐकून तो इतका खूश झाला की आपलं इको पेडल त्यानं बाबांच्या हातात ठेवलं. वाजवलेला सूर थोड्या वेळानं परत ऐकवायचा, एवढंच त्याचं काम. डोळखांबच्या रानात उभं राहून हाक मारली की समोरचा डोंगर तीच हाक परत देतो, म्हणून आम्ही त्याला डोंगर म्हणायला लागलो. मग एकेक डबा वाढत गेला. आवाज फाडून खरखरीत करणारी ती करवत. आवाज ओला, हलता करणारं ते पाणी. आणि जाड-बारीक आवाज वेगवेगळे करून हवा तो ठेवायचा, नको तो काढायचा, ती चाळणी. त्यांच्यावरची इंग्रजी नावं मला वाचता येत होती, पण वरातीच्या गोंगाटात ओरडून सांगायला आमचीच नावं सोयीची.

करवत मी स्वतः जोडली. सर्किटचा नकाशा मिळवला, सुटे भाग मुंबईहून आणले आणि आईच्या शेवयांच्या पत्र्याच्या डब्यात बसवले. झाकणावर कमळ होतं, ते तसंच ठेवलं. बाकीचे विकत घेताना दुकानदारानं मला एक मोठं यंत्र दाखवलं होतं. एकात शंभर आवाज, पुढं लाल आकडे. मी म्हटलं, शंभरातले आमच्या नवरदेवाला किती लागणार? तो म्हणाला, ताई, घरात गिटार कोण वाजवतं? बेंजोला जोडायचंय म्हटल्यावर तो जो हसला, त्याचा राग मला शहापूर येईपर्यंत पुरला. आणखी एक पेडल होतं, पाय वरखाली केला की आवाज रडायचा. ते मला फार आवडलं होतं. पण ते घेता येणार नव्हतं, आणि त्याचं कारण बाबा.

गिटारवाल्यांची ही पेडलं पायानं दाबायची असतात. म्हणून तर ती जमिनीवर ठेवतात. आपल्या डोंगरावर पाय ठेवून दाखवणाऱ्या त्या कल्याणच्या माणसाला बाबांनी पहिल्याच दिवशी अडवलं होतं.

‘‘वाद्याला पाय लावायचा? दसऱ्याला ज्याच्यावर फूल वाहायचं त्याच्यावर?’’

‘‘काका, हे वाद्य नाही, स्विच आहे.’’

‘‘तारंतला आवाज त्याच्यातून जातो ना? मंग वाद्यच झालं ते.’’

या मुद्द्यावर मीही बाबांच्याच बाजूची आहे. पण अडचण अशी की बाबांचे दोन्ही हात बेंजोवर, आणि पाय लावायचा नाही. मग डबे दाबणार कोण? जनरेटर आणि भोंग्यांचा आवाज वाढवणारं मशीन ज्या हातगाडीवर असायचं, तिच्या मागच्या बाजूला मी एक फळी ठोकली, तिच्यावर चारही डबे बसवले आणि गाडीबरोबर चालत हातानं डबे दाबायला लागले. बाबा गाडीच्या शेजारून चालत, मी मागून. पोरीनं वरातीत बेंजोपार्टीबरोबर फिरायचं, यावर गावात पुष्कळ तोंडं चालली. पार्टीत ढोल वाजवणारा माझा चुलत काका तर बाबांना सरळच म्हणाला, ‘‘दादा, हे बरं दिसत नाय.’’

‘‘दिसायला कुठं हाय?’’ बाबा म्हणाले. ‘‘आपलं काम ऐकवायचं. ती नाय आली तर मी पण नाय येत.’’

काकानं ढोल गळ्यात अडकवला. पण त्यानं ते डोक्यात ठेवलं.

आता क्रमाचं सांगते. दुकानदारानं सांगितला तो क्रम असा: करवत आधी, मग चाळणी, मग पाणी आणि डोंगर सगळ्यात शेवटी. त्यामागचा विचार बरोबरच आहे. सूर आधी फाडला आणि मग डोंगराला दिला, तर डोंगर फाडलेल्या सुराच्याच स्वच्छ नकला परत देतो. उलट केलं, म्हणजे डोंगर आधी आणि करवत नंतर, तर सूर आणि त्याची नक्कल दोन्ही एकदम करवतीखाली येतात आणि बाहेर नुसता भुसा पडतो. घरी अंगणात छोट्या स्पीकरवर मी दोन्ही क्रम वाजवून बघितले. दुकानदार पास.

पण किन्हवलीच्या पहिल्याच वरातीत सगळा चिखल झाला. दुकानदाराचाच क्रम, त्याच वायरी, तेच हात, आणि भोंग्यातून येत होता तो नुसता गलबला. एक सूर दुसऱ्यापासून सुटेना. नाचणारे थांबून आमच्याकडं बघायला लागले. मी एकेक डबा बंद करत गेले. चारही बंद झाले, तरी भोंग्यातून करवत ऐकू येतच होती.

तिथंच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची साखळी चार डब्यांची नव्हतीच. मशीन आणि भोंगा हा पाचवा डबा होता, आणि तो सगळ्यात मोठा करवत्या. मशीनचा आवाज कमी करू म्हटलं तर लग्नघरची माणसं अंगावर येतात, त्यामुळं ते फुल्लच असायचं आणि फुल्ल मशीन आवाज फाडतंच. म्हणजे डोंगर शेवटी ठेवला असं आम्हाला नुसतं वाटत होतं. खरं तर तो करवतीच्या आधीच बसला होता. शहरातल्या गिटारवाल्याला हे कधी कळणार नाही, कारण त्याच्यापुढं भोंगा नसतो.

मग मी माझा क्रम लावला. करवत पहिली, पण एरवी बंद. ती फक्त नवरदेव गाडीतून उतरतो तेव्हा, एक ओळभर. मग पाणी, मग डोंगर, तोही दूरचा आणि हळू. आणि चाळणी सगळ्यात शेवटी, भोंग्याच्या तोंडाशी. जाडा आवाज भोंग्याच्या गळ्यातून मुळात उतरतच नाही, तो नुसताच मशीनला दमवतो. तो चाळणीनं तिथंच अडवला की मशीनचा जीव मोकळा होतो आणि तार तारेसारखी ऐकू येते. पुढच्या लग्नात बाबांनी पहिली ओळ वाजवली, थांबले, गाडीकडं वळून माझ्याकडं बघितलं आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. आमच्या घरात याहून मोठं कौतुक करायची पद्धत नव्हती.

त्यानंतरची वर्षं आमची होती. मुरबाडकडच्या सुपाऱ्या यायला लागल्या. लग्नाची तारीख काढताना लोक बेंजो मोकळा आहे का, ते आधी विचारत. दसऱ्याला बाबा चारही डबे पाटावर मांडायचे, बेंजो मधोमध, आणि प्रत्येक डब्याला ओल्या कुंकवाचं बोट लावायचे. त्यांची एक खोड होती. ते कुंकू कुठंही लावायचे नाहीत. बटणावरची रेघ जिथं आणून ठेवलेली असेल, बरोबर तिच्या टोकासमोर लावायचे. ‘‘औंदाचा आवाज हा,’’ म्हणायचे. पुढं वर्षभर बटण हललं तरी त्या ठिपक्याशी परत आणलं की झालं. डबा पुसला तरी रंगावर त्याची फिकट खूण राहायची. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, बाबा, पाणी आत जाऊन बटण खरखरतंय, कोरडं कुंकू लावा. ते म्हणाले, कोरडं टिकत नाय.

मग एका हंगामात आवाज टोचायला लागला.

मला ते दिसलं आधी आणि ऐकू आलं नंतर. डोळखांबकडच्या एका वरातीत कडेला उभ्या असलेल्या बायकांनी गाडी जवळ येताच पदर कानांवर घेतले. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘‘कान फाटला गो माझा.’’ मी चाळणीचं बारीक आवाजाचं बटण खाली आणलं. बाबांनी चालता चालता हात लांब करून ते परत वर नेलं. मी खाली आणलं. त्यांनी वर नेलं.

‘‘मेला आवाज,’’ ते म्हणाले.

‘‘मेला नाय बाबा, टोचतोय. बायका बघा.’’

‘‘हात काढ.’’

सगळ्यांसमोर मला असं ते कधीच बोलले नव्हते. मी हात काढला. इतका संताप आला होता की त्या दिवशी मी करवतसुद्धा वेळेवर दाबली नाही, आणि नवरदेव मुकाट्यानं उतरला.

पुढच्या लग्नांत तेच. बटण वर, पदर कानांवर. पार्टीत सगळे म्हणू लागले की पोरीच्या डब्यांनी वाट लावली. मी घरी चारही डबे उघडले. टाके तपासले, वायरी बदलल्या, नव्या बॅटऱ्या घातल्या. करवतीतला एक भाग उगाचच बदलला. कशातच खोट नव्हती. माझ्या कामात खोट नसताना खोट माझी म्हणायची, हे मला सहन होत नाही. अजूनही होत नाही.

पावसाळ्यात काका घरी आला. चहा झाला, भाताच्या लावणीचं बोलणं झालं, आणि मग तो मुद्द्यावर आला. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होईल तेव्हा बेंजो बाजूला ठेवू. मुरबाडचा एक कीबोर्डवाला यायला तयार आहे. लोकांना आता तोच आवाज पायजे.

‘‘आणि दादा?’’ आईनं विचारलं.

‘‘दादा हायतच की. खुळखुळा घेतील, पार्टी सांभाळतील.’’

बाबांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर पट्टी धरल्यासारखी हलत होती. ज्या माणसाच्या घराचा पत्ताच बेंजो आहे, त्याच्या हातात खुळखुळा. काका गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन रडले. दुःखानं कमी आणि रागानं जास्त. काकाला उत्तर द्यायचं होतं आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो. रातकिडे इतके ओरडत होते की आईला मला दोनदा हाक मारावी लागली. बाबा बाहेर बघत म्हणाले, ‘‘औंदा रातकिडं बोलत नाय गो. फवारण्या करून मारलं असतील.’’ मी हसले, आई उठून आत गेली. मला वाटलं, ते विनोद करतायत.

उत्तर मिळालं दसऱ्याला. बाबांनी नेहमीसारखे डबे पाटावर मांडले. मी ते पुसून देत होते. चाळणी हातात घेतली, खिडकीतून ऊन तिच्यावर तिरकं पडलं होतं, आणि मला बारीक आवाजाच्या बटणाभोवतीचे सगळ्या दसऱ्यांचे ठिपके एकदम दिसले. पहिला ठिपका डावीकडं, घड्याळात दहा असतात तिथं. पुढचा थोडा वर. त्याच्या पुढचा आणखी वर. मग माथ्यावर, मग उजवीकडं उतरलेला. एकही ठिपका मागं आलेला नव्हता. बाकीच्या डब्यांचे ठिपके वर्षानुवर्षं एकावर एक पडले होते आणि चाळणीचे मात्र चालत निघाले होते.

आवाज बदलला नव्हता. डबे बदलले नव्हते. बाबांचा कान बारीक आवाजाला बंद होत चालला होता, आणि जेवढा तो बंद होत होता तेवढं ते बटण पुढं नेत होते. इतकी वर्षं भोंग्याशेजारून चालले होते, दुसरं काय होणार? रातकिडे कुठंही गेले नव्हते.

बाबा कुंकवाची वाटी घेऊन समोर बसले होते. मी चाळणी पाटावर ठेवली. त्यांनी बटण आणखी पुढं नेऊन रेघेसमोर नवा ठिपका लावला आणि म्हणाले, ‘‘औंदाचा आवाज हा.’’ मी फूल वाहिलं आणि उठले. आईनं उन्हाळ्यात एकदा कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं होतं, तेव्हा ते ताट सरकवून उठले होते. आईला माझ्याआधी कळलं होतं, हे मला तेव्हा उमगलं.

म्हणून बोलण्याचा रस्ता मी घेतलाच नाही. माझ्या हातात वायर होती, मी वायरीचा रस्ता घेतला.

आतापर्यंत डोंगरातून निघालेली वायर चाळणीत जात होती आणि चाळणीतून भोंग्याच्या मशीनला. मी डोंगरानंतर दोन फाटे केले. एक फाटा बाबांच्या चाळणीत, आणि तिथून एका छोट्या बॅटरीवरच्या स्पीकरला. तो स्पीकर गाडीच्या कडेला, बाबांच्या कानाच्या रोखानं बसवला. दुसरा फाटा फळीच्या खाली, मी नव्यानं आणलेल्या दुसऱ्या चाळणीत, आणि तिथून मशीनला. ही खालची चाळणी माझी. तिचं बटण मी पहिल्या दसऱ्याच्या ठिपक्याच्या जागी, डावीकडं दहावर आणून ठेवलं. दोन फाट्यांमुळं सुरुवातीला घरघर यायला लागली. ती घालवायला मला बरेच दिवस लागले. पण घालवली.

बाबांना एवढंच सांगितलं की हा छोटा स्पीकर तुमच्यासाठी, गर्दीत तुमचं तुम्हाला ऐकू यावं म्हणून. शहरातले मोठे वाजवणारे पण ठेवतात. यात खोटं काहीच नव्हतं. राहिलेलं मी सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही. खालच्या डब्याला त्यांच्या बाजूनं मी एक फडकं सोडलं, धूळ जाऊ नये म्हणून असं म्हणत.

काकानं त्या मुरबाडवाल्याला शब्द दिलेला नव्हता, पण द्यायच्या बेतात होता. मी त्याला म्हटलं, पहिलं एक लग्न बघ, मग काय ते ठरव. तो म्हणाला, एकच. ते लग्न आटगावच्या बाजूला होतं. बाबांनी गाडीशेजारी उभं राहून आपल्या चाळणीचं बटण सवयीनं वर नेलं, थेट टोकाला. त्यांच्या स्पीकरमधून सुईसारखा आवाज निघाला, पण तो त्यांच्यापुरता. भोंग्यातून तार सुटी, गोल, पूर्वीसारखी बाहेर पडली. मी त्या दिवशी बाबांकडं बघितलंच नाही. मी कडेच्या बायकांकडं बघत होते. गाडी जवळ आली, पुढं गेली, आणि एकीचाही हात वर गेला नाही. एकीनं तर कडेवरच्या पोराचे झाकलेले कान सोडले आणि त्याला नाचवायला लागली.

वरात संपल्यावर काका ढोल उतरवत माझ्याजवळ आला. ‘‘डबा दुरुस्त झाला वाटतं,’’ म्हणाला.

‘‘झाला,’’ मी म्हटलं. कीबोर्डचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

पुढं मी लग्न होऊन मुरबाडकडं गेले, तेव्हा हंगाम अर्धा उरला होता. माझ्या जागी काका, ढोल दुसऱ्याकडं देऊन, फळीवरचे डबे दाबणार होता. त्याला मी सगळं शिकवलं. वायर ओढायची नाही, टोकाला धरून काढायची. करवत एक ओळभरच. फडक्याखाली फक्त वायरी आहेत, तिकडं बघायचं नाही. माझ्या चाळणीचं बटण मी चिकटपट्टी लावून पक्कं केलं होतं आणि आत नवी बॅटरी घातली होती. पाठवणीच्या वेळी बाबा स्वतः वाजवत होते. ते मला जवळ घेतील असं मला वाटलं होतं. पण बेंजो गळ्यात होता, आणि ते वाजवायचे थांबले नाहीत. मी गाडीत बसेपर्यंत आणि गाडी वळेपर्यंत तार ऐकू येत होती. सुटी, गोल, कुठंही न टोचणारी. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी मी मनात म्हणत होते, क्रम बरोबर आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला माहेरी आले. पाय धुऊन आत गेले तर पूजा मांडलेली होती. बेंजो मधोमध. करवत, पाणी, डोंगर, चाळणी. आणि त्यांच्या शेजारी पाचवा डबा. माझी खालची चाळणी. चिकटपट्टी काढलेली, पण बटण जिथल्या तिथं. रेघेच्या टोकासमोर ओल्या कुंकवाचा ताजा ठिपका.

मी पाटासमोर खाली बसले.

‘‘हा तुझा आवाज,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्याला मी हात नाय लावला.’’

‘‘तुमाला कधी कळलं?’’

‘‘आटगावला.’’

‘‘पहिल्याच दिवशी? कसं?’’

‘‘मी बटण पार टोकाला नेलेलं, आणि समोरच्या बायांचं हात खाली. मंग भोंग्यात दुसरंच काय तरी चाललं असणार ना गो. कान गेला, डोळं हायत मला.’’

‘‘मग बोललात का नाय?’’

‘‘तू बोलली नाय, मी बोललो नाय. वाजत व्हतं ना नीट?’’

मागं आई उभी होती. ती म्हणाली की मी गेल्यावर एका वरातीत भोंगा मध्येच बंद पडला. खालच्या डब्याची बॅटरी संपली होती, आणि तिथं डबा आहे हे काकाला ठाऊकच नव्हतं. तो वरच्याच चार डब्यांशी झटत राहिला. तेव्हा बाबांनी भर रस्त्यात फडकं वर केलं आणि सगळ्या पार्टीसमोर काकाला सांगितलं, ‘‘हा डबा बघायचा. मला बारीक ऐकू येत नाय, म्हणून पोरीनं बसवलाय.’’

मी असेपर्यंत हे वाक्य त्यांना कुणासमोरही बोलावं लागलं नव्हतं. मी गेल्यावर ते त्यांनी रस्त्यावर उभं राहून बोलून टाकलं. मी विचारलं, मग काका काय म्हणाला? आई म्हणाली, काय म्हणणार, खिशातल्या टॉर्चची बॅटरी बसते का बघत होता. ती बसत नाही. तेव्हापासून त्या डब्याच्या दोन बॅटऱ्या काका स्वतःच्या खिशात बाळगतो.

जेवणं झाल्यावर बाबांनी बेंजो मांडीवर घेतला. घरात भोंगा नव्हता, मशीन नव्हतं. नुसता त्यांचा छोटा स्पीकर आणि त्यांची चाळणी, बटण उजवीकडं अगदी टोकाला. नव्या ठिपक्याच्या पुढं आता जागा उरलेली नव्हती. मी समोर भिंतीला टेकून बसले. त्यांनी पाठवणीला वाजवलेलीच धून सुरू केली.

तो आवाज कानातून आत गेला तो थेट दातांपर्यंत. आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबांची बोटं बटणांवरून पूर्वीसारखीच फिरत होती, एकही सूर चुकत नव्हता, पण त्यांचं लक्ष बोटांकडं नव्हतं. ते माझ्या हातांकडं बघत होते.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि धून संपेपर्यंत ते तिथून हलवले नाहीत.